पोट उघडून दाखवणारी यंत्रे

आमच्या धंद्यात एक प्रश्न हमखास विचारला जातो. कुठल्याही झेरॉक्सच्या दुकानात मी जमिनीवर जुने वर्तमानपत्र अंथरले, बाह्या वर सारल्या आणि मशीनची दारे काढून बाजूला ठेवली, की दुकानदार चहा सांगतो आणि चहा येईपर्यंत विचारतो, ‘‘काय हो मेकॅनिक, खरं सांगा, सगळ्यात चांगलं मशीन कोणतं?’’ त्याला कधीच न बिघडणाऱ्या मशीनचे नाव हवे असते. माझ्या तोंडून येणारे नाव मात्र वेगळ्याच हिशेबाने निघालेले असते. जे बिघडतच नाही त्याची आणि माझी ओळख व्हायची कशी? माझी सोयरीक बिघडणाऱ्यांशी. त्यांतल्या काहींचा निरोप आला की मी घाईघाईने पिशवी उचलतो. आणि काहींचा आला की बायकोला हळूच खूण करतो, ‘सांग, गावाला गेलेत म्हणून.’

आता मशीन ते मशीन, त्यात आवडते-नावडते काय असायचे, असे तुम्हाला वाटेल. पण गेली तीस वर्षे मी जालना जिल्ह्याच्या आठही तालुक्यांत हेच काम करत हिंडतो आहे. हातांच्या रेषांत काळी पावडर अशी बसली आहे की लग्नकार्यात पंगतीला बसताना अजूनही बायको आधी माझे हात तपासते. एवढ्या सहवासानंतर आवडनिवड होतेच.

१ मे १९८१ रोजी जालना जिल्हा झाला. जिल्हा झाला म्हणजे जिल्हाधिकारी कचेरी आली, जिल्हा परिषद आली, आणि त्यांच्या पाठोपाठ ‘सोबत सत्यप्रत जोडावी’ हे वाक्य आले. पूर्वी ज्या कामासाठी तेव्हाचे औरंगाबाद, आताचे छत्रपती संभाजीनगर, गाठावे लागे, ते काम जालन्यात होऊ लागले आणि प्रत्येक कामाला कागदाच्या तीन-तीन प्रती लागू लागल्या. त्याच सुमारास, १९८३ साली, मोदी समूह आणि रँक झेरॉक्स यांनी मिळून मोदी झेरॉक्स ही कंपनी काढली. उत्तर प्रदेशात रामपूरला कारखाना उभा राहिला. नाव असे रुजले, की आज मशीन कुणाचेही असो, पाटीवर ‘झेरॉक्स’च असते. मी स्वतः ‘कॅननचे झेरॉक्स’, ‘रिकोचे झेरॉक्स’ असे खुशाल म्हणतो. वनस्पती तुपाला आपण डालडा म्हणतो, तशातला प्रकार.

आमचे उस्ताद मूळचे रेडिओ दुरुस्त करणारे. जुन्या जालन्यात त्यांचे एका खिडकीचे दुकान होते. ट्रान्झिस्टरचा जमाना सरत आला तसे ते या कामाकडे वळले, आणि नव्वदच्या दशकात मी आयटीआय करून त्यांच्या हाताखाली उभा राहिलो. पहिले सहा महिने त्यांनी मला स्क्रूड्रायव्हर हातात धरू दिला नाही. ‘‘पहले सुन,’’ म्हणायचे. मशीन चालू करायचे, डोळे मिटायचे आणि ऐकायचे. कागद उचलल्याचा ‘खस्’, क्लच बसल्याचा ‘टक्’, दिवा सरकत गेल्याची घरघर, मग कागद बाहेर पडल्याचा आवाज. यांतला कोणता आवाज उशिरा आला, कोणता आलाच नाही, हे सांगता आले पाहिजे. कागद अडकला तर तो कुठे अडकला हे दार उघडण्याआधी सांगायचे, नाहीतर त्या दिवशीचा चहा बंद.

आत काय चालते ते थोडे सांगतो, कारण त्याशिवाय पुढचे कळणार नाही. थंडीत कोरड्या केसांवरून प्लॅस्टिकचा कंगवा फिरवला की तो कागदाचे कपटे ओढून घेतो, हा खेळ आपण सगळ्यांनी केला आहे. झेरॉक्स म्हणजे तोच खेळ, फक्त शिस्तीने खेळलेला. आत एक चकचकीत नळकांडे असते, त्याला ड्रम म्हणतात. अंधारात त्याच्यावर विजेचा भार चढवायचा. मग मूळ कागदावर पडलेला प्रकाश आरशांवरून त्याच्यावर पाडायचा. जिथे कागद पांढरा तिथे प्रकाश पोचतो आणि भार निघून जातो. जिथे अक्षर आहे तिथे प्रकाश येत नाही, भार तसाच राहतो. म्हणजे ड्रमवर आता अक्षर आहे, पण ते दिसत नाही. त्यावर काळी पावडर, म्हणजे टोनर, सोडली की ती बरोबर त्या न दिसणाऱ्या अक्षरांनाच चिकटते. कागद त्याला टेकवून पावडर कागदावर ओढून घ्यायची आणि दोन रुळांमधून दाबून काढायची. त्यांतला एक रूळ जवळजवळ दोनशे अंश तापलेला असतो. त्याच्या उष्णतेने पावडर वितळून कागदात बसते. म्हणून झेरॉक्स हातात येते तेव्हा कोमट असते, आताच तव्यावरून उतरवल्यासारखी.

ही युक्ती चेस्टर कार्लसन नावाच्या अमेरिकन माणसाची. एका कंपनीच्या पेटंट विभागात काम करताना त्याला नकला करून करून वीट आला होता, त्यात सांधेदुखी. २२ ऑक्टोबर १९३८ रोजी न्यूयॉर्कमधल्या ॲस्टोरियात, एका भाड्याच्या खोलीत, गंधकाचा लेप दिलेला जस्ताचा पत्रा त्याने हातरुमालाने घासून भारित केला, काचेवर तारीख आणि गावाचे नाव लिहून त्याच्यावर प्रकाश टाकला आणि वर एका वनस्पतीची बारीक भुकटी भुरभुरवली. फुंकर मारल्यावर अक्षरे उरली. त्यानंतर एकवीस वर्षांनी, १९५९ साली, झेरॉक्सचे ९१४ हे पहिले साधे कागद वापरणारे यशस्वी यंत्र बाजारात आले. वजन जवळजवळ तीनशे किलो. आणि त्याच्याबरोबर कंपनी एक छोटे आग विझवण्याचे नळकांडे द्यायची! आत कागद अडकला तर तो तापलेल्या भागापाशी करपायचा, म्हणून. ग्राहकांच्या हक्कांसाठी लढणारे राल्फ नाडर यांनी आपल्याकडचे यंत्र पेटल्याची तक्रार केली होती. विक्रेत्यांना ‘आग’ हा शब्द नको होता म्हणून त्या नळकांड्याला ‘करप घालवणारे’ अशा अर्थाचे गोंडस नाव दिले होते. ही गोष्ट मी पहिल्यांदा वाचली तेव्हा हसलो नाही. का, ते पुढे येईल.

तर आवडती मशीन. माझ्या पिढीच्या कुठल्याही मेकॅनिकला विचारा, तो आधी जुन्या ॲनालॉग मशीनचे नाव घेईल. कॅननची एनपी मालिका म्हटले की आजही आमच्यातल्या काहींचा चेहरा उजळतो. त्यांत काहीच लपलेले नव्हते. दिवा सरकताना दिसायचा, आरसे दिसायचे, साखळ्या आणि दातेरी चाके समोर. त्या काळच्या बऱ्याच मशीनचा वरचा अर्धा भाग पेटीच्या झाकणासारखा वर उचलायचा, की कागदाचा सगळा रस्ता उताण्या हातासारखा समोर. नवशिक्यालासुद्धा कळायचे की कागद इथून निघतो, इथे वळतो, इथे रुळाखाली जातो.

आणि त्यांना अर्ध्या वाटेत थांबवता यायचे. ही खुबी मला सगळ्यात प्रिय. प्रत फिकी येते आहे, कारण कळत नाही; मग प्रत निघत असतानाच पुढचे दार उघडायचे. मशीन जागच्या जागी थांबते. आता ड्रम बाहेर काढून बघा. ड्रमवर अक्षर ठसठशीत असेल तर दोष पुढे, कागदावर ओढून घेण्यात आहे. ड्रमवरच अक्षर फिके असेल तर दोष मागे, प्रकाशात, भारात नाहीतर पावडरीत. एका फटक्यात अर्धे मशीन निर्दोष सुटते. उरलेल्या अर्ध्याचे पुन्हा दोन भाग करायचे. भावकीच्या भांडणात पंच करतात तसे. कोण खरे बोलतो ते आधी ठरवायचे नाही, कोण नक्की घरी नव्हता ते आधी काढायचे.

डाग तर बोलतातच. कागदावर सारख्या अंतराने ठिपके येत असतील तर पट्टी लावून अंतर मोजायचे. रूळ फिरतो, त्याच्यावरची एकच खोट प्रत्येक फेऱ्याला उमटते. लहान मशीनचा ड्रम तीस मिलिमीटर व्यासाचा असला तर त्याचा घेर चौऱ्याण्णव मिलिमीटर. तेवढ्या अंतराने ठिपका आला की गुन्हेगार ड्रमच. अंतर वेगळे आले तर दुसरा कुठला तरी रूळ. शाळेत वर्तुळाचा परीघ काढायला शिकवला तेव्हा गुरुजींना आम्ही विचारले होते, याचा उपयोग काय. आता त्यांना भेटून सांगावेसे वाटते, पण ते राहिले नाहीत.

डिजिटल मशीन आली तेव्हा आम्ही नाके मुरडली. पण २००० नंतर परदेशात वापरून काढलेली मोठी मशीन आपल्याकडे येऊ लागली आणि त्यांत कॅननची आयआर ५००० व ६००० ही जोडी आली. एक मिनिटाला पन्नास प्रती काढणारी, दुसरी साठ. त्यांचा ड्रम सिलिकॉनच्या कडक लेपाचा, लाखो प्रती झाल्या तरी हूं की चूं न करणारा. क्योसेरानेही १९९२ पासून अशाच दीर्घायुषी ड्रमवर आपली मशीन उभी केली. पण मला आयआर आवडली ती त्यासाठी नाही. पुढचे दार उघडून खटका फिरवला की कागद वाहून नेणारा आणि तापणारा भाग कपाटाच्या खणासारखा रुळांवरून अख्खा बाहेर येतो. वायरच्या प्रत्येक जोडावर क्रमांक. ज्याने कुणी हे आखले त्याला ठाऊक होते की एक दिवस कुणीतरी उकिडवे बसून, तोंडात बॅटरी धरून यात हात घालणार आहे. तो जपानी माणूस मला कधी भेटणार नाही, पण त्याने माझा विचार केला होता, हे हाताला कळते.

नावडत्या मशीनांविषयी फार लिहीत नाही. नावे तर मुळीच घेत नाही. एक लहान रोलर बदलायला जिथे सतरा स्क्रू, चार प्लॅस्टिकच्या कड्या आणि एक शिवी लागते, ते नावडते. कडी एकदा उघडली की तुटणारच अशी केलेली असते, म्हणजे उघडणाऱ्याने आधी दहादा विचार करावा. याचे मूळ बरेच जुने आहे. १९८२ साली कॅननने घरगुती वापराचे पीसी-१० हे छोटे मशीन काढले, त्यात ड्रम, पावडर, सफाईची पट्टी सगळे एका डबीत बंद. बिघडले की मेकॅनिकला बोलावू नका, डबी बदला. कल्पना नामी होती. ज्याला वर्षात पाचशे प्रती काढायच्या त्याला मेकॅनिक कशाला हवा? पण परतूरच्या स्टँडसमोर सकाळपासून प्रती काढणाऱ्या दुकानदाराला डबी परवडत नाही, त्याला माणूस परवडतो. आमचे पोट त्या फरकावर चालले.

शिवाय आमच्या भागाची म्हणून दुखणी असतात, ती कुठल्या माहितीपुस्तकात नसतात. उन्हाळ्यात पारा बेचाळीसच्या पुढे गेला की कागद इतका कोरडा होतो की दोन-दोन ताव एकमेकांना बिलगून आत जातात. पावसाळ्यात तोच कागद ओल धरतो आणि गरम रुळातून बाहेर येताना पापडासारखा वळतो. सरकीची, कापसाची धूळ आरशांवर बसते. थंडीत उंदीर तापत्या भागाशेजारी ऊब शोधत येतात आणि ग्राहकांनी विसरलेल्या सातबाऱ्यांचे घरटे करतात. मंठ्याला एका मशीनमध्ये मला पाल सापडली होती, अगदी सुकून कागदासारखी झालेली. दुकानदाराने आधी ती हातात घेऊन निरखली आणि मग म्हणाला, ‘‘तरीच म्हणलं, महिनाभर कॉपीवर शेपटी कुठून येऊलाली.’’

या असल्या गोष्टी आम्ही स्टँडवरच्या चहाच्या टपरीवर एकमेकांना सांगतो. वेगवेगळ्या तालुक्यांतून आलेले तीन-चार मेकॅनिक, एसटीला वेळ, आणि विषय एकच. बाहेरून बघणाऱ्याला वाटावे, रिकामटेकडे आहेत. पण ज्युलियन ऑर नावाच्या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाने झेरॉक्सच्या मेकॅनिकांबरोबर हिंडून नेमके हेच नोंदवले. १९९६ साली त्याचे पुस्तक आले. कंपनीने मेकॅनिकांना मोठाली माहितीपुस्तके दिली होती. त्यातल्या पायऱ्या पाळल्या की दोष सापडेल असे गृहीत होते. प्रत्यक्षात अवघड दोष सुटत होते ते जेवताना सांगितलेल्या गोष्टींतून. ‘मागे एकदा असेच झाले होते…’ अशी सुरुवात झाली की समजावे, वर्ग भरला. आदिवासी पाड्यांवर जावे तसा हा गृहस्थ आमच्या जमातीत आला, याची मला मोठी गंमत वाटते.

आता ती करपण्याची गोष्ट. १९९८ चा जून. गाव आणि दुकान सांगत नाही. डी.एड.च्या प्रवेशाचे दिवस होते, दुकानात ही गर्दी. मशीन तापत नव्हते, पावडर बोटाने पुसली जात होती. आपल्या कुकरला जशी शिट्टी असते आणि शिट्टी अडकलीच तर उडणारा एक छोटा वॉल्व्ह असतो, तसेच या तापणाऱ्या रुळापाशी दोन पहारेकरी असतात. एक सतत तापमान सांगत राहतो. दुसरा गप्प बसून असतो. पहिला चुकला आणि उष्णता हद्दीबाहेर गेली तर तो वीज तोडून टाकतो. तो दुसरा गेला होता. जवळ नवा नव्हता. दुकानदार म्हणाला, ‘‘तार जोडून द्या की, उद्याच्याला बसवा नवा.’’ उस्तादांनी मला शंभरदा बजावले होते की असे करायचे नाही. मी केले. दोन टोके तारेने जोडली, मशीन झकास चालले, पैसे घेऊन मी निघालो.

रात्री आठला फोन. पहिला पहारेकरी पण दगावला होता; तसा तो आधीपासूनच आजारी असणार, मी पाहिलेच नव्हते. रूळ तापत गेला, अडकलेला कागद करपून धूर निघाला. दुकानदाराने मुख्य बटण बंद केले, हे नशीब. पण घाबरून कुणीतरी माठातले पाणी मशीनवर ओतले. काचेवर एका मुलीचे दहावी-बारावीचे मूळ गुणपत्रक होते. पाणी, शाई, काळी पावडर, सगळ्याचा एक लगदा झाला.

मुलीचे वडील मला काही बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरे झाले असते. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीने त्यांना घेऊन मी औरंगाबादला परीक्षा मंडळात गेलो, दुय्यम गुणपत्रकाचा अर्ज भरला, फी मी भरली. मुलीचा प्रवेश त्या वर्षी झाला की नाही, हे विचारण्याचे धैर्य मला झाले नाही. उस्तादांना सांगितले तेव्हा ते बराच वेळ सोल्डरिंगची दांडी पुसत बसले. मग एवढेच म्हणाले, ‘‘मशीन ने तो बताया था ना, के मैं ठीक नहीं हूँ. तूने उसका मुँह बंद किया.’’

पुढे पंधरा वर्षांनी तोच प्रसंग जसाच्या तसा समोर आला. २०१३, दुष्काळाचे साल. जालना शहरात टँकर, खेड्यांत चारा छावण्या, मोसंबीच्या बागा उभ्या वाळत होत्या. घनसावंगी तालुक्यातल्या एका गावात एक ताई झेरॉक्सचे दुकान चालवतात. पायाने अधू आहेत. आधी एसटीडीचा बूथ होता, तो मोबाइलने बसवला, मग कर्ज काढून जुने मोठे मशीन घेतले. फळबागांच्या अनुदानाचे अर्ज द्यायचा शेवटचा दिवस होता आणि सकाळी अकराला मशीनने मान टाकली. मी पोचलो तेव्हा दुकानासमोर साठ-सत्तर माणसे हातात सातबारा, आठ-अ, पासबुक घेऊन उभी. दार उघडले, तापणारा भाग बाहेर ओढला, आणि दोष समोरच. तोच दुसरा पहारेकरी.

आता इथे त्या मशीनचा मोठेपणा. दहा मिनिटांत दोष दिसला म्हणून निदान करायला वेळ उरला. भोवतालचे लोक मात्र घाईला आलेले. ‘‘तार जोडा ना भाऊ, आजचा दिस निघला म्हंजी झालं.’’ त्यांचे चुकत नव्हते. एका म्हाताऱ्याने तर खिशातून तारेचा तुकडाच काढून दिला. मी ताईंकडे पाहिले. त्यांना मी जूनमधली ती गोष्ट सांगितली, सगळ्यांसमोर, काही न लपवता. त्या क्षणभर गप्प राहिल्या. मग त्यांनी वही काढली आणि रांगेतल्या प्रत्येकाचे नाव क्रमाने लिहायला सुरुवात केली. म्हणाल्या, ‘‘तुम्ही जाऊन या. मी कागद लावून ठेवते.’’

एका पोराने मोटारसायकल काढली. जालन्याला माझ्या घरामागे पत्र्याच्या शेडमध्ये त्याच जातीचे एक मेलेले मशीन होते. तिथून पहारेकरी काढला, मीटर लावून तपासला, रुमालात बांधला आणि उलट फिरलो. चारला बसवला. पहिला पहारेकरीही या वेळी तपासला. त्याच्यावर पावडरीचा जाड थर होता, तो स्पिरिटने पुसला. सव्वाचारला पहिली प्रत निघाली. मधल्या वेळात ताईंनी प्रत्येकाचे कागद क्रमाने लावून, टाचणी मारून ठेवले होते, त्यामुळे गठ्ठा भराभर उडाला. सहाला वीज गेली, साडेसातला आली. तलाठी आप्पा रात्री दहापर्यंत अर्ज घेत बसले, कारण त्यांच्या स्वतःच्या रजिस्टरच्या प्रतीही तिथेच निघायच्या होत्या.

त्या दिवशी ते मशीन डबीतले असते, तर? डबी जालन्यात नसती, कदाचित संभाजीनगरातही नसती. आता तर डबीवर एक नखाएवढी चिप असते. पावडर शिल्लक असली तरी चिप ‘संपली’ म्हणते आणि मशीन चिपचे ऐकते, माझे नाही. काही मशीन दोष झाल्यावर स्वतःला कुलूप लावून घेतात. दोष काढला तरी आत शिरायचे गुपित ठाऊक असल्याशिवाय कुलूप निघत नाही. तापणाऱ्या भागाच्या दोषाला असे कुलूप असावे, याला माझ्याइतकी मान्यता कुणाची नसेल. पण पावडरीच्या डबीला कशाला? केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ साली ‘दुरुस्तीचा हक्क’ या विषयावर समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरात एक संकेतस्थळही सुरू केले. सुरुवातीच्या यादीत शेतीची अवजारे, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक वस्तू, घरगुती उपकरणे, वाहने आली. ट्रॅक्टर आधी आला हे बरोबरच आहे.

धंदा कमी झाला, हे मान्य. कागद मोबाइलमध्ये शिरला, २०१५ पासून राज्यात स्वतःच स्वाक्षरी करून प्रती देता येऊ लागल्या, अर्ज ऑनलाइन झाले. तरी गंमत अशी, की ऑनलाइन भरलेल्या अर्जाची प्रिंट काढून तिची झेरॉक्स मागणारी माणसे अजून आहेत. आणि २०२३ च्या हिवाळ्यात, मराठवाड्यात कुणबी नोंदी शोधायचे काम सुरू झाले तेव्हा, आजोबा-पणजोबांचे मोडी आणि उर्दूतले पिवळे कागद घेऊन लोक दुकानात आले. फिक्या शाईचा कागद मोबाइलच्या फोटोत जेमतेम येई. अशा वेळी मशीनचा प्रकाश किती, काळेपणा किती, हे हाताने जुळवणारा माणूस लागतो. जीर्ण कागद फीडरमध्ये न घालता काचेवर हलक्या हाताने ठेवणारा लागतो.

ताईंचे मोठे मशीन अजून आहे. शेजारी दोन वर्षांपूर्वी एक छोटे मशीन आले, प्रिंटपुरते. दुकान आता मुलगी बघते, बी.एस्सी. झाली आहे, मला मामा म्हणते. गेल्या महिन्यात तिचा फोन आला, ‘‘मामा, छोट्यावर ठिपके येतायत.’’ मी म्हटले येतो. पोचलो तर तिने प्रत काढून टेबलावर ठेवली होती, त्यावर कंपासपेटीतली पट्टी, आणि पेन्सिलीने लिहिलेले आकडे.

‘‘चौऱ्याण्णव,’’ ती म्हणाली. ‘‘ड्रम ना?’’

‘‘तू उघडून बघितलास?’’

‘‘नाही. कडी तुटेल म्हणून थांबले.’’

मग दोघे मिळून बसलो. बॅटरी तिने धरली. कडी काढताना मी श्वास रोखला, तिनेही. नाही तुटली. ड्रमवर टाचणीच्या टोकाएवढी चीर होती; कुणीतरी पिन लावलेला कागद आत घातला असणार. माझ्या पिशवीत ड्रम होता, तो तिलाच बसवायला दिला. पहिल्या खेपेला उलटा लावला, मी बोललो नाही; दुसऱ्या खेपेला तिचे तिलाच कळले. प्रत निघाली, स्वच्छ. ताईंनी आतून चहा पाठवला.

निघताना मला माझ्याच बँकेसाठी आधारची एक प्रत हवी होती. मुलीने ती मोठ्या मशीनवर काढून दिली आणि गल्ल्यावर हात ठेवून म्हणाली, ‘‘दोन रुपये, मामा.’’